परक्या दारी कुत्र्याचा सांभाळ : नांदेड-लातूर भागातील राखणीची रीत

मराठवाड्याच्या पूर्व भागात, म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत, आपले जनावर काही काळ दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या अनेक रीती पूर्वापार चालत आल्या आहेत. गाई-म्हशी राखोळीला दिल्या जात, शेळी अर्धलीने दिली जाई, शेतावरचे कुत्रे सालगड्याच्या भाकरीवर वाढे आणि यात्रेला निघालेले घर आपले कुत्रे शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून जाई. मालक प्रवासात असेपर्यंत पैसे घेऊन त्याचे कुत्रे आपल्या घरी ठेवण्याची पद्धत शहरांत 'घरगुती बोर्डिंग' म्हणून रुळली आहे. ती याच रीतींच्या वळणावर उभी आहे. सांभाळणारा विश्वासाचा आहे की नाही हे ओळखण्याच्या कसोट्या या जुन्या व्यवहारांत घडत गेल्या आणि त्यातल्या बहुतेक आजही जशाच्या तशा लागू पडतात.

या भागातील कुत्री

या दोन जिल्ह्यांत कुत्र्यांचे दोन ठळक प्रकार दिसतात. पहिले गावरान कुत्रे. ते दारात, खळ्यावर, आखाड्यावर कुठेही असते, मिळेल ते खाते आणि परका माणूस दिसताच भुंकून घर जागे करते. दुसरे कारवान. निमुळते लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि अंगाला चिकटलेले आखूड केस ही त्याची ओळख. नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण सव्वादोन फूट भरते. याच घराण्यातल्या, कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. कृष्णेपलीकडे मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच वळणाच्या कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली. त्यामुळे कर्नाटकात ही कुत्री 'मुधोळ' या नावाने प्रसिद्ध झाली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यात मुधोळचा समावेश होता.

व्यापारी तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या शिकारी कुत्र्यांचा वंश दख्खनमध्ये रुजला आणि त्यातून कारवान घडले, असे सामान्यतः मानले जाते. नांदेड-लातूरचा मुलूख अशा वाटांवरच होता. रेल्वे येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि कापूस बैलांच्या पाठीवरून नेणाऱ्या लमाणांच्या तांड्यांबरोबर राखणीची कुत्री चालत. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. त्यानंतर तांड्यांची वाहतूक ओसरली, पण कुत्री गावांत राहिली. मोकळ्या माळावर सशामागे सोडण्यासाठी कारवान पाळले जाई. नांदेडजवळच्या शिकारघाट गुरुद्वाऱ्याचे नावही गुरू गोविंदसिंहांच्या शिकारीच्या कथेशी जोडलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीची वाट बंद झाली. तेव्हापासून कारवान मुख्यतः राखणीचे, शर्यतीचे आणि हौसेचे कुत्रे झाले.

धर्मजीवनातही कुत्र्याला मानाची जागा आहे. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे दत्तक्षेत्र आहे, आणि दत्ताच्या पायाशी असलेली चार कुत्री चार वेदांचे रूप मानली जातात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. त्यांचे नरसी हे गाव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्रे असतेच. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्यांनाही घातला जातो. खंडोबाचे या भागातले मोठे ठाणे म्हणजे लोहा तालुक्यातील माळेगाव. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे भरणाऱ्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी बैलांचा बाजार भरतो आणि नांदेड जिल्हा परिषदेतर्फे अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शन घेतले जाते. गावोगावचे कारवान पाळणारे आपली कुत्री घेऊन या प्रदर्शनात येतात. खात्रीचे पिल्लू कोणाकडे मिळेल आणि कुत्रे कोण नीट ठेवतो, याची माहिती पिढ्यान्‌पिढ्या अशाच ठिकाणी तोंडोतोंडी पसरत आली.

ठेव आणि राखण : जुने नियम

दुसऱ्याच्या हवाली केलेल्या जनावराबद्दलच्या नियमांवरची प्रसिद्ध टीका या प्रदेशाच्या अगदी उशाशी लिहिली गेली. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या कल्याणी येथील दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात येते. हिंदू वारसा कायद्याचा आधार म्हणून मिताक्षरा देशाच्या बहुतेक भागांत गाजली. तिच्या व्यवहाराध्यायात मात्र ठेवींचे आणि मालक-गुराखी तंट्यांची स्वतंत्र प्रकरणेही आहेत.

त्यातला मुख्य दंडक असा : सकाळी जशी जनावरे ताब्यात घेतली तशीच संध्याकाळी परत करणे हे राखणाऱ्याचे काम. वेतन घेऊन राखणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे जनावर मेले किंवा हरवले, तर त्याची किंमत त्याने भरून द्यायची आणि वर दंडही सोसायचा. मनुस्मृतीत हाच विषय अधिक तपशिलाने आला आहे. दिवसा जबाबदारी गुराख्याची. रात्री जनावर मालकाच्या घरी असेल तर मालकाची, आणि रात्रीही ते राखणाऱ्याकडेच असेल तर राखणाऱ्याची. जनावर खड्ड्यात पडून मेले किंवा कुत्र्यांनी फाडले आणि राखणाऱ्याने वाचवण्याची धडपड केली नाही, तर नुकसान त्याच्या माथी. चोरांनी उघड हल्ला करून नेले आणि त्याने आरडाओरडा करून वेळेवर मालकाला कळवले, तर तो मोकळा. जनावर मेले असेल तर कान, कातडे अशा खुणा मालकाला दाखवायच्या.

ठेवीच्या प्रकरणातला नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. सांभाळायला घेतलेली वस्तू धन्याला न विचारता आपल्या लाभासाठी वापरली, तर वापरणारा दंडाला पात्र ठरतो आणि ती वस्तू लाभासह परत करावी लागते. हे सारे नियम गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि निर्जीव ठेवी यांच्यासाठी होते. कुत्रे तेव्हा ठेवण्याच्या मोलाचे धन मानले जात नव्हते. तरीही परक्या दारी ठेवलेल्या कुत्र्याबाबत आज जे तंटे होतात, त्यातले बहुतेक याच चौकटीत बसतात : कुत्रे सुटून गेले, दुसऱ्या कुत्र्याने चावले, आजारी पडल्याचे उशिरा कळवले, किंवा मालकाला न सांगता पैदाशीसाठी वापरले.

गावातल्या रीती

गावात हे नियम कोणी पोथीतून वाचत नसे. ते व्यवहारात मुरलेले होते. राखोळीत गुराखी दिवस उगवताच घरोघरची जनावरे सोडून रानात नेई आणि दिवेलागणीला गावात परत आणी. त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. अर्धलीत शेळी किंवा गाय पाळणाऱ्याच्या घरी राही, चारापाणी तो करी आणि झालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटली जात. अशा व्यवहारात कागद नसे, पण दोन्हीकडच्या घरांना ओळखणारे चार लोक हजर असत. पुढे वाद उठला तर त्या चौघांचा शब्द चाले. जनावर कोणाला द्यायचे हे ठरवताना त्याच्या स्वतःच्या गोठ्याकडे पाहिले जाई. ज्याची स्वतःची गाय हाडकी, त्याच्याकडे दुसऱ्याची धष्टपुष्ट राहणार नाही, हा सरळ हिशेब होता.

कुत्र्यासाठी वेगळा करार फारसा कोणी करत नसे, कारण ते एका माणसाचे असे, त्याहून जास्त एका जागेचे असे. नांदेड भागात शेतावरच्या वस्तीला आखाडा म्हणतात. तिथे बैलांचा गोठा, कडब्याची गंज, अवजारे आणि रात्रीची राखण असते. मालक गावात राहतो आणि आखाड्यावर सालगडी. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, पुढच्या पाडव्याला तो बदलूही शकतो, पण कुत्रे आखाड्यावरच राहते. संध्याकाळी बैलांना वैरण टाकून झाली की सालगडी आपल्या शिदोरीतली भाकरी मोडून ताकात किंवा कालवणात कुस्करतो आणि ठरलेल्या थाटलीत, बहुधा फुटक्या माठाच्या खापरात, कुत्र्यासमोर ठेवतो. नवा सालगडी आला की पहिले काही दिवस कुत्रे लांबूनच त्याच्याकडे पाहत राहते. नव्या माणसाच्या हातची भाकरी ते निर्धास्त खाऊ लागले, रात्री त्याच्या बाजेखाली येऊन बसू लागले, की जुना गडी गेल्याची खोट भरून निघाली असे समजायचे. कुत्रे नव्या माणसाला कधी स्वीकारते, याची या भागातली ही सर्वांत जुनी आणि खात्रीची खूण आहे. ती दिसायला अनेक दिवस लागतात. म्हणूनच निघण्याच्या दिवशी कुत्रे एकदम परक्याच्या हाती सोपवणे चुकीचे ठरते.

घर रिकामे पडण्याचे प्रसंगही ठरलेले असत. मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला, म्हणजे येळवसेला, लातूर आणि आसपासच्या भागातली गावे आणि शहरेसुद्धा ओस पडतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते, भज्जी, उंडे आणि बिंदगीतले आंबील शेतातच खाल्ले जाते. त्या दिवशी कुत्रे बैलगाडीमागे शेतावर येते आणि सांभाळाचा प्रश्न उद्भवत नाही. माळेगावच्या किंवा पंढरपूरच्या वाटेला लागल्यावर मात्र घर बरेच दिवस बंद असे. तेव्हा चावी आणि कुत्रे एकाच शेजाऱ्याकडे सोपवले जाई. ज्याच्यावर घराच्या राखणीसाठी विश्वास ठेवायचा, त्याच्याच हाती राखणदार द्यायचा, असा हा साधा न्याय होता. परतल्यावर शेजाऱ्याच्या घरी प्रसाद, बुक्का आणि चुरमुरे पोचत. पैशाचा व्यवहार कोणी करत नसे, पण ही परतफेड कोणी चुकवतही नसे, कारण पुढच्या वर्षी शेजारी वारीला निघे आणि सांभाळायची पाळी उलटत असे.

मराठवाड्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत कष्टाचे स्थलांतर ऊसतोडीचे. मुखेड, कंधार, लोहा अशा तालुक्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काहींची कुत्री गाडीमागे चालत फडापर्यंत जातात. बाकीची म्हाताऱ्या माणसांजवळ गावीच राहतात. घरात जेमतेम पुरेल एवढे धान्य ठेवलेले असताना आजी आपल्या भाकरीतला तुकडा कुत्र्यासाठी काढते. सांभाळाच्या या इतिहासात तिच्यासारख्या राखणदारांची नोंद कोणी केली नाही, पण या भागातील हजारो कुत्री वर्षातले निम्मे दिवस तिच्याच जिवावर तगली.

दुष्काळाने जनावरांच्या एकत्र सांभाळाची आणखी एक पद्धत रुजवली. १९७२ च्या आणि नंतरच्या दुष्काळांत चारा छावण्या उघडल्या गेल्या. छावणीत जनावर दाखल करताना नोंद होई, दररोजचा चारा आणि पेंड ठरलेल्या मापाने मिळे, आणि घरातले एक माणूस बहुधा जनावरांसोबतच छावणीत मुक्काम करी. परक्याच्या व्यवस्थेत जनावर ठेवले तरी घरच्या माणसाने डोळ्यांसमोर ठेवायचे, हा शहाणपणा छावण्यांनी शिकवला.

शहरे आणि पैसे घेऊन सांभाळ

मोठ्या शहरांत मालकाशिवाय जनावर ठेवण्याच्या संस्था आधी उभ्या राहिल्या. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली दंगल झाली आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीचंद अमीचंद अशा धनिकांच्या पुढाकाराने पांजरपोळ सुरू झाला. पांजरपोळात येणाऱ्या जनावराला मात्र घेऊन जाणारे कोणी नसे. ठरलेल्या मुदतीसाठी ठेवून घेणे आणि जसे आले तसे परत देणे, हा पुढच्या काळातला धंदा आहे.

नांदेड आणि लातूरमध्ये या धंद्याची गरज गेल्या काही दशकांत निर्माण झाली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. 'लातूर पॅटर्न'मुळे शहर शिक्षणाचे केंद्र बनले. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. शिकलेली मुले पुणे, मुंबई, हैदराबाद येथे नोकरीला गेली, आई-वडील वर्षातून अनेकदा त्यांच्याकडे जाऊ लागले. वाड्यांची जागा फ्लॅटने घेतली आणि भिंतीपलीकडच्या घराशी ओळख नावापुरती उरली. त्याच वेळी लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशी कुत्री घरात वाढू लागली. ती आखाड्यावरच्या कुत्र्यासारखी स्वतः पोट भरू शकत नाहीत. रेल्वेत कुत्रे न्यायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत घालावे लागते. रात्रभराच्या प्रवासात उष्ण, बंद पेटीत कुत्रे ठेवायला बहुतेकांचे मन धजत नाही. म्हणून दिवाळीत आणि मे महिन्यात सांभाळणाऱ्या घराचा शोध सुरू होतो.

पशुवैद्यकाची सोयही याच काळात वाढली. उदगीर येथे १९८७ साली पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय सुरू झाले. ते आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. देवणी आणि लाल कंधारी गोवंशाच्या या प्रदेशात पशुवैद्यक म्हणजे गाई-बैलांचा डॉक्टर, ही जुनी समजूत हळूहळू बदलली. कुत्र्यांचे लसीकरण, रक्ततपासणी आणि शस्त्रक्रिया जिल्ह्यातच होऊ लागल्या. सांभाळणाऱ्या घराची चौकशी करायची तर पहिला माणूस आता हाच असतो, कारण कोणाच्या घरची कुत्री वेळेवर लसीला येतात आणि कोणाची शेवटच्या घटकेला, हे त्याला ठाऊक असते.

आजचा कायदा

पैसे घेऊन कुत्रे सांभाळणे हा कायद्याच्या भाषेत ठेवीचाच करार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ सांगते की ठेव घेणाऱ्याने ती तशाच परिस्थितीत सामान्य शहाण्या माणसाने आपल्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेऊन सांभाळली पाहिजे. कलम १५४ नुसार मालकाच्या संमतीबाहेर वापर केला आणि त्यातून नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी ठेव घेणाऱ्यावर पडते. मुदत संपल्यावर वेळेत परत न दिल्याने झालेली हानी कलम १६१ नुसार त्याच्याच माथी येते. कलम १६३ मध्ये दिलेले उदाहरण तर थेट जनावराचे आहे : एकाने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली आणि तिथे ती व्यायली, तर गाईबरोबर वासरूही परत द्यायचे. विज्ञानेश्वराच्या काळातला विचार आणि हा कायदा यांच्यात जवळपास आठशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींचा गाभा एकच आहे.

याशिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला अन्नपाण्यावाचून ठेवणे, अकारण आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हे गुन्हे आहेत. कुत्र्यापासून माणसाला धोका होणार नाही अशी खबरदारी ताबेदाराने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होते. म्हणजे मुक्कामात कुत्रे कोणाला चावले, तर सांभाळणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागू शकते. दोन्ही बाजूंनी हे आधीच समजून घेतले तर पुढचा कडवटपणा टळतो.

विश्वासाचे घर कसे ओळखावे

पहिली पाहणी घराची. फाटक आणि कुंपण नीट पाहावे. गावरान कुत्र्याला जी भिंत पुरते ती कारवानला पुरत नाही. ते उभ्या उडीत उंच कठडा ओलांडते आणि मांजर दिसताच हाक न ऐकता धावत सुटते. त्याची मान आणि डोके जवळपास सारख्याच जाडीचे असल्याने साधा गळपट्टा डोक्यावरून सहज निसटतो. रुंद, ओढले की आवळणारा पट्टा वापरावा, तो कानांच्या मागे बसवून दोन बोटे आत जातील एवढाच सैल ठेवावा, आणि फाटकाबाहेर साखळी हातातून सोडू नये. हे सांगितल्यावर जो पट्टा हातात घेऊन स्वतः लावून पाहतो तो सांभाळणारा कामाचा. 'काही होत नाही' एवढेच म्हणणारा नव्हे.

दुसरी पाहणी सावली आणि पाण्याची. नांदेड-लातूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली दुपारभर बांधलेले कुत्रे उष्माघाताने काही तासांत दगावू शकते. लॅब्रॅडॉरसारख्या दाट केसांच्या आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर याचा जास्त धोका असतो. पाणी उन्हाळ्यात कोठून येते, टँकर बंद पडला तर साठा किती, हेही विचारावे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात हा प्रश्न वावगा नाही.

तिसरी पाहणी तिथल्या इतर जनावरांची, म्हणजे जुन्या राखोळीतली गोठ्याची कसोटी. घरची कुत्री अंगाने भरलेली, गोचिडांपासून मुक्त, माणसाला न बुजणारी आहेत का? एका वेळी किती कुत्री ठेवली जातात, आणि माजावर आलेली मादी असेल तर तिची सोय वेगळी आहे का? त्या घरात अलीकडे पार्व्होने पिल्लू दगावले आहे का, हे स्पष्ट विचारावे. पार्व्होचा विषाणू जमिनीत अनेक महिने तग धरतो आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला तिथे ठेवणे म्हणजे मरणाला निमंत्रण. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी वेळेवर घेतल्याचा दाखला दोन्हीकडून मागितला जावा. चांगला सांभाळणारा तो स्वतःहून मागतो. त्याने मागितला नाही, तर इतर कुत्र्यांचेही दाखले त्याने पाहिले नसतील हे उघड आहे.

चौथी कसोटी दिनक्रमाची. कुत्र्यावर दिवसा आणि रात्री प्रत्यक्ष लक्ष कोण ठेवणार, हे नावानिशी ठरावे. घरातला कर्ता माणूस होकार देतो आणि काम मात्र शाळकरी मुलावर पडते, असे अनेकदा होते. घरच्या सवयीचे अन्न, ते किती आणि कोणत्या वेळी, हे लिहून द्यावे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला एकदम कोरडे पाकीटबंद खाद्य घातले तर पोट बिघडते, आणि उलटही तसेच. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला घातक असतात. सणाच्या दिवसांत लाडाने ताटातले उरलेसुरले घालणाऱ्या घरात ही यादी भिंतीवर लावलेली बरी. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरलेली कुत्री साखळी तोडून पळतात. म्हणून त्या मुक्कामात आतली बंद खोली असणे आवश्यक आहे.

पाचवी कसोटी आजारपणाची. कोणत्या पशुवैद्यकाकडे न्यायचे, मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, आणि किती खर्चापर्यंत विचारण्यासाठी थांबू नये, हे कागदावर यावे. कारवान आणि पश्मी कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असल्याने काही भुलीची औषधे त्यांच्या शरीरात जास्त काळ राहतात. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोचेल अशी चिठ्ठी कागदपत्रांत ठेवावी. चोराने जनावर नेले तर लगेच मालकाला कळवणाऱ्या गुराख्याला जुन्या नियमाने मोकळे सोडले होते. त्याचे आजचे रूप एवढेच की कुत्र्याने एक वेळ अन्न टाकले तरी मालकाला त्याच दिवशी कळले पाहिजे. वाईट बातमी लपवणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी त्याच्याकडे जनावर ठेवू नये.

शेवटी परीक्षा स्वतः कुत्र्याकडून घ्यावी. प्रवासाच्या आधी काही दिवस सांभाळणाऱ्याने घरी यावे, कुत्र्याला हाताने खाऊ घालावा, बाहेर फिरवून आणावे. मग एक रात्र त्याच्या घरी ठेवून पाहावे. सकाळी कुत्रे तिथले अन्न खाते आहे का, शांत झोपले का, आणि सांभाळणाऱ्याकडे पाहताना शेपूट सैल आहे की पायांत दबलेली, हे पाहिले की बरेच कळते. जाताना घरचे अंथरूण आणि मालकाच्या अंगाचा वास असलेला एखादा जुना कपडा सोबत द्यावा.

परत घेताना व्यवहार पूर्ण करावा. कुत्र्याचे वजन, कातडी, कान, पंजे आणि गोचीड त्याच वेळी पाहावेत. औषधपाण्याचा जादा खर्च झाला असेल तर तो विनाविलंब द्यावा, कारण पैसे चुकवणाऱ्या मालकाला पुढच्या वेळी चांगले घर मिळत नाही. जुन्या गावात ही परतफेड प्रसादाने आणि आलटून-पालटून केलेल्या राखणीने होत असे; शहरात ती ठरलेल्या दराने होते. ज्या घराने जनावर जसे घेतले तसे परत दिले, त्या घराचे नाव चार ओळखीच्या माणसांना सांगणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. माळेगावच्या बाजारापासून पशुवैद्यकाच्या दारापर्यंत विश्वासाचा सांभाळणारा शोधण्याचा मार्ग अजून तोच आहे, आणि तो खुला ठेवायचा तर प्रत्येक मालकाने आपला अनुभव खरेपणाने पुढच्याला दिला पाहिजे.